टाकी घेताना थरांपेक्षा वजन पाहावे
गच्चीवर पाण्यासाठी प्लास्टिकची टाकी तीन थरांची घ्यावी की पाच थरांची, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. माझ्या मते थरांची संख्या हा दुय्यम मुद्दा आहे, कारण पाच पातळ थर मिळूनही टाकीची भिंत बारीकच राहू शकते; भिंतीच्या जाडीचा अंदाज वजनावरून येतो. एकाच क्षमतेच्या, समजा १००० लिटरच्या, दोन टाक्यांचे दुकानातच प्रत्यक्ष वजन करून घ्यावे (दुकानदार थोडी कुरकुर करतो, करू द्यावी) आणि टाकीवर आयएसआय चिन्हासोबत आयएस १२७०१ हा (प्लास्टिकच्या पाणीटाक्यांसाठीच्या भारतीय मानकाचा) क्रमांक आहे ना, याची खात्री करावी. त्यानंतर झाकण काढून आत डोकावावे व बाहेरून कोणाला तरी मोबाईलचा टॉर्च भिंतीला टेकवून फिरवायला सांगावे. प्रकाश आत झिरपत असेल, तर गच्चीवरच्या उन्हात शेवाळ धरणारच. आमची पहिली टाकी अशीच निघाली: दोन उन्हाळ्यांत तळाशी हिरवट, बुळबुळीत साका बसला आणि खालच्या नळजोडापाशी केसाएवढी चीर गेली. अर्थात त्या चिरेत निम्मा दोष आमचाही होता, कारण टाकी सपाट ओट्यावर न ठेवता विटांच्या दोन रांगांवर ठेवली होती आणि मधला तळ अधांतरीच राहिला होता.