एकच शार्डोने, चव इतकी वेगळी कशी?

अवंती, सॅन होजे
शनिवारी शार्डोने द्राक्षाच्या पांढऱ्या वाईनच्या दोन बाटल्या उघडल्या, एक फ्रान्सची शाब्ली, दुसरी इथल्या कॅलिफोर्नियातल्या नापाची. शाब्ली लिंबासारखी, जिभेला झिणझिण्या आणणारी. नापाची जाडसर, लोणी आणि व्हॅनिलाचा वास, वर पिकलेला अननस. द्राक्ष खरंच एकच? की नापावाले काही मिसळतात?

निफाडकर
मिसळत काही नाहीत, द्राक्ष तेच. आमची निफाडला बाग आहे आणि शाब्लीत मी तोडणीला राहिलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शार्डोनेला मस्कत द्राक्षासारखा स्वतःचा ठसठशीत वास नाही. त्यामुळे हवामान आणि तळघरातलं काम, दोन्ही तिच्यात लगेच उतरतं. शाब्ली म्हणजे बर्गंडी या फ्रान्सच्या वाईन-प्रदेशाचं पार उत्तरेचं टोक. थंडीत गोडी सावकाश भरते आणि मॅलिक आम्ल, म्हणजे कच्च्या सफरचंदातलं, मण्यात टिकतं. उष्णतेत मणी ते श्वसनात जाळून टाकतो. नापात म्हणून आंबटपणा उतरतो, साखर चढते आणि तिच्याबरोबर अल्कोहोलही. त्याच नापाच्या दक्षिणेला कार्नेरोस आहे, तिथं सॅन पाब्लो उपसागरावरून धुकं येतं. तिथली घेऊन बघा, बरीच ताजी लागेल.

लोणी मात्र बागेतलं नव्हे. जिवाणू मॅलिकचं लॅक्टिक आम्ल करतात, तेव्हा डायअसिटिल तयार होतं, वास त्याचा. व्हॅनिला नव्या ओकच्या पिंपातून येतो. शाब्लीत नवं ओक बहुतेक जण टाळतात.

गिरीश, पुणे
शाब्लीच्या जमिनीत शिंपल्यांचे जीवाश्म आहेत, त्यांची खारट चव वाईनमध्ये येते म्हणतात. खरं का?

निफाडकर
जीवाश्म खरे. किमरिजियन, म्हणजे तिथल्या प्राचीन चुनखडीच्या मातीचं ढेकूळ फोडलं की नखाएवढी कालवं हातात येतात. पण त्यांची चव मुळांतून चढून पेल्यात येते, हे मला पटत नाही. जमिनीचं खरं काम पाण्याचं, निचरा आणि ओल. त्याहून मोठा वाटा उताराचा: ग्राँ क्रूचे, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या बागांचे, सातही तुकडे सरँ नदीच्या उजव्या तीरावर आहेत, बहुतेक नैर्ऋत्येकडे तोंड केलेले. थंड मुलखात दुपारचं एवढं ऊन मिळणं फार मोलाचं.

आणि दंव! एप्रिलमध्ये वेलीला कोंब फुटतात तेव्हाच पडतं. २०२१ला फार नुकसान झालं. तिथं रात्रभर ओळींमधून मोठ्या मेणबत्त्या जळतात. काही जण तर कोंबांवर पाणी फवारत राहतात. ते गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फाच्या कवचातला कोंब वाचतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की पहाटे बागेत शेकोट्या करतात, त्यातलाच प्रकार.

अवंती, एकाच उत्पादकाची २०१८ आणि २०२१ची शाब्ली मिळाली तर शेजारी शेजारी ठेवून प्या. पहिलं उन्हाचं साल, दुसरं थंड.