शपथ अमेरिकेची, जर्सी भारताची. चालतं का हे?

धरमपेठकर:
माझा भाचा वीस वर्षांपासून न्यू जर्सीत आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं. हात वर करून शपथ घेतली, की परक्या कोणत्याही राष्ट्राशी असलेली निष्ठा मी पूर्णपणे सोडतो. आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला भारत-अमेरिका टी-ट्वेंटी बघायला निळी जर्सी घालून हजर! शपथ म्हणजे काय सोसायटीचा फॉर्म आहे का? दोन्ही डगरींवर हात ठेवणं मला पटत नाही.

तर्री_पोहे:
काहून बाप्पा, आईशी बोलायलाही बंदी का आता?

जरीपटका_कट्टा:
काका, क्रिकेटवरून निष्ठा मोजायची टूम जुनी आहे. ब्रिटनचे खासदार नॉर्मन टेबिट यांनी १९९० मध्येच काढली होती, तिथले आशियाई लोक कोणाच्या बाजूनं ओरडतात ते बघा म्हणून. माझे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून नागपुरात आले. घरात आजही सिंधी, दुकानात हिंदी, शाळेत मी मराठी शिकलो. शिकारपूरचं नाव निघालं की म्हाताऱ्याचे डोळे भरायचे. शिकारपूर पाकिस्तानात आहे. मग आजोबांची निष्ठा कुठं होती म्हणता?

धरमपेठकर:
आजोबांवर वेळ आली होती हो, माझा भाचा हौसेनं गेला. आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही हे माहीत असून त्यानं निवडलं. निवडलं तर निभवा.

सदरचा_वकील:
निभवून तरी काय मिळतं? पंजाबातून अमेरिकेत गेलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. १९२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हा माणूस कायद्याच्या अर्थानं 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. मिळालेलं नागरिकत्व गेलं. ते टिकाऊ मिळायला १९३६ उजाडलं. अंगावर त्यांचीच वर्दी चढवली होती, अजून काय घालायचं होतं? माझ्या मते कर भरा, कायदा पाळा, ज्युरीवर बोलावलं तर जा. बाकी मन ज्याचं त्याचं.

धरमपेठकर:
शंभर वर्षांपूर्वीच्या अन्यायानं आजची शपथ सैल होत नाही, वकीलसाहेब.

तर्री_पोहे:
भाच्यानं ओसीआय कार्ड काढलं असंल, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळते ते. त्याच्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे काटोलचा संत्र्याचा बगीचा मामाच्याच नावावर राहीन, मजा आहे!

जरीपटका_कट्टा:
बरं, त्याच मॅचमध्ये मुंबईचा सौरभ नेत्रावळकर अमेरिकेकडून खेळला. २०१० चा अंडर-नाइन्टीन वर्ल्डकप तो भारताकडून खेळलेला. कोहलीला शून्यावर काढलं, रोहितला तीनवर. त्याला काय म्हणाल?

धरमपेठकर:
तेच तर सांगून राहिलो! जिथला शर्ट घातला, तिथल्यासाठी जीव तोडून टाकतो तो. माझा मुद्दाच तो आहे.

जरीपटका_कट्टा:
आणि कोहली गेला तेव्हा तुमच्या हॉलमध्ये टाळी कोणी वाजवली? खरं सांगा.

धरमपेठकर:
…मी. मराठी पोरगा आहे ना तो.