मदत हवी आहे : रविवार हातातून गेला, घरची प्रार्थना कशी टिकवायची?

सर्वांना जय ख्रिस्त 🙏 आम्ही मूळ नगरचे (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं), 1831 पासून तिथे मिशनचं काम, त्यामुळे सगळं लहानपण मंडळीच्या (चर्चच्या) आवारातच गेलं, आणि आता नोकरीसाठी पुण्यात आलोय तर मिस्टरांना सुट्टी बुधवारी, रविवारी ड्युटी. जवळचं चर्च इंग्रजी. सासूबाईंना त्यातलं काही कळत नाही, त्या नुसत्या बसून येतात आणि घरी येऊन ना. वा. टिळकांची (ख्रिस्ती कवी, लोकमान्य नव्हेत) भजनं म्हणतात, अभंग-ओवीच्या चालीतली. मुलगा आठवीत, त्याला ती बोअर होतात, त्याला गिटारवालं वर्शिप हवं. मी मधे सँडविच!

परवा बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचा 29वा अध्याय वाचला, बाबेलात (बॅबिलोनमधे) बंदी करून नेलेल्या यहुदी लोकांना तो पत्रात लिहितो की घरं बांधा, बागा लावा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे परत जायची वाट बघत बसू नका असंच ना? पण स्तोत्र 137 मधे तेच लोक नदीकाठी रडतायत. मला दोन्ही पटतं, खरं सांगते.

तर विचारायचं हे की बुधवारी रात्री घरीच उपासना ठेवली तर चालेल का, की रविवार सोडणं चूकच? आणि आजी-नातू दोघं बसतील अशी प्रार्थना कोणाच्या घरी जमलीय का? वीस मिनिटांच्या वर पोरगं टिकत नाही. पाळकांना विचारायचा संकोच वाटतोय म्हणून इथे टाकतेय.