कमी पावसाच्या भागातलं लाकूड जास्त जड असतं का?

माळकरी_सोलापूर: नमस्कार मंडळी, गोठ्याचं काम काढलंय म्हणून वखारीत गेलतो, तिथं मिस्त्री म्हणाले आपल्याकडची बाभूळ बघा दगडासारखी, आणि कोकणातलं लाकूड पावसावर पोसलेलं म्हणून हलकं. आता पाऊस कमी म्हणजे लाकूड जड असं सरळ गणित असतं का? मग ॲमेझॉनच्या जंगलात सगळं हलकंच पाहिजे की. कुणी फॉरेस्ट्रीवालं असेल तर सांगा.

सुतारकी: मिस्त्रींना ऐनाचा एक वासा एकट्यानं उचलायला सांगा 😄 ऐन कोकणातलाच आहे ना.

वनवासी_७: मिस्त्रींचं अर्धं बरोबर आहे. लाकडाच्या पेशींची भिंत कुठल्याही झाडाची घ्या, घनता (पाण्याची १ धरली तर) साधारण १.५ च असते, फरक पडतो तो आत पोकळी किती त्यानं. बाल्सा ०.१५ च्या आसपास आणि कॅरिबियन बेटांवरचं लिग्नम व्हिटे १.२, म्हणजे पाण्यात टाकलं की सरळ तळाला. आता दुष्काळात काय होतं, मुळाशी पाणी नाही आणि वर पानं ओढतायत, लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत पाण्यावर ताण येतो, तो फार वाढला की हवेचा बुडबुडा शिरतो आणि धार तुटते. जाड भिंतींचं लाकूड हा ताण सोसतं, म्हणून बाभूळ, हिवर, खानदेशातला अंजन ही सगळी जड. पण त्याच कोरड्या जंगलात पांगारा आणि काटेसावर पण आहेत, एकदम भुसभुशीत! ती उन्हाळ्याच्या आधीच पानं टाकून मोकळी होतात आणि खोडात पाणी धरून ठेवतात, ताण घ्यायचाच नाही हा त्यांचा मार्ग. म्हणून कोरड्या भागात जड आणि हलकं दोन्ही टोकं सापडतात, नुसत्या पावसावरून काही सांगता येत नाही.

रानवेडी: ॲमेझॉनचं मी सांगते, तिथं पावसापेक्षा माती आणि उजेड बघावा लागतो. पश्चिमेला अँडीजच्या पायथ्याशी माती तुलनेनं नवी आणि सकस, झाडं भराभर वाढतात, लवकर मरतात, एक पडलं की वर उजेडाचं भगदाड पडतं आणि सेक्रोपियासारखी घाईची हलकी झाडं तिथं घुसतात. पूर्वेला आणि गयानाकडं माती जुनी, पावसानं धुऊन निकस झालेली, तिथं सावलीत सावकाश वाढणारी जड झाडं जास्त. गयानातलं ग्रीनहार्ट बंदराच्या धक्क्यांना वापरतात, पाऊस भरपूर असूनही! सावलीत वर्षानुवर्षं बसायचं तर बुरशी, कीड, वरून पडणाऱ्या फांद्या हे सगळं सोसावं लागतं, तिथं जड लाकूडच कामाला येतं. जंगलातल्या कार्बनचा हिशोब करताना पण नुसता घेर आणि उंची घेऊन भागत नाही, घनता धरावीच लागते.

माळकरी_सोलापूर: लई भारी माहिती. मग बांधावरच्या बाभळीला ठिबकचं पाणी मिळालं तर लाकूड हलकं होईल का?

वनवासी_७: थोडाफार फरक पडेल, पण बाभळीची सावर काय होत नाही भाऊ. परिस्थिती मुख्यतः कुठली जात टिकणार ते ठरवते, एकाच जातीत फरक त्यामानानं कमी. सागाचं तर अजून वेगळं, भराभर वाढलेला साग हलका असेलच असं नाही, लागवडीच्या कोवळ्या सागाची खरी अडचण म्हणजे आत नार, म्हणजे मधलं पक्कं लाकूड, कमी.

तपासायचंच असेल तर ताज्या तोडलेल्या फांदीचा साल काढलेला तुकडा घ्या, किचनच्या काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा, सुईनं तुकडा पाण्याखाली दाबा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटीमीटर आकारमान. मग तोच तुकडा ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा आणि वाळल्या वजनाला त्या आकड्यानं भागा, आली घनता.

सुतारकी: ओव्हन घरच्यांना विचारून वापरा, बाभळीचा वास आठवडाभर पावात येईल.