ईआरपी घ्यायचंय, पण त्याच्या आत नेमकं काय असतं?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टॉक, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायचा विचार आहे. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) येतात, आम्ही सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर मशिनिंग करतो. काही पार्ट हीट ट्रीटमेंटला, काही प्लेटिंगला बाहेर जातात आणि परत आले की डिस्पॅच होतात. काही कास्टिंग आम्ही विकत घेतो, काही कस्टमर स्वतः पाठवतो आणि आम्हाला फक्त मजुरी मिळते. हिशेब टॅलीत, स्टॉक एक्सेलमध्ये, जॉबवर्कची (बाहेरून करून घेतलेल्या कामाची) चलनं फायलीत. महिनाअखेरीला तिन्हींचा मेळ बसत नाही.

आता मोठ्या कस्टमरनं सांगितलंय की पाठवलेल्या कुठल्याही पार्टचा हीट नंबर (धातूच्या एका वितळणीचा क्रमांक) मागे शोधता आला पाहिजे. कोटेशनं मागवली, तर प्रत्येकात मॉड्यूलची लांबलचक यादी आणि दरात जमीन-अस्मानाचा फरक. मला यादी नको. आतली यंत्रणा कशी चालते, त्यातलं आमच्या कामाला काय लागेल आणि सर्व्हर आपला ठेवायचा की क्लाउड, हे कुणी समजावून सांगाल का?

जमाखर्च_सोलापूर

टॅलीप्राइममध्ये गोदामनिहाय स्टॉक, बॅच, बीओएम (एका पार्टला काय काय लागतं त्याची यादी), जॉबवर्क ऑर्डर हे सगळं आहे. बहुतेक ठिकाणी ते चालूच केलेलं नसतं. आधी ते वापरून बघा. कस्टमरच्या शेड्यूलवरून कुठल्या मशीनवर काय कधी लावायचं हे मात्र त्यात होणार नाही.

स्टोअरवाली_सांगली

शिरोलीकर, मी आधी स्टोअर सांभाळलं आणि आता कारखान्यांत ईआरपी बसवून देते, म्हणून स्टोअरच्या बाजूनंच सांगते.

समजा तुम्ही फौंड्रीला 500 कास्टिंगची पीओ (खरेदी ऑर्डर) दिली, दर 240 रुपये. गाडी गेटवर आली, इनवर्ड झालं, तपासणीत 20 नग रिजेक्ट, 480 पास. स्टोअरकीपरनं जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) सेव्ह केला. त्या क्षणी स्टॉक 480 नं वाढतो, पीओवर 20 बाकी दिसतात, आणि अकाउंट्समधल्या कुणीही हात न लावता एक जर्नल पडतं: स्टॉक खाते नावे 1,15,200, 'माल आला, बिल बाकी' खाते जमा 1,15,200. आधीचे 100 नग 230 च्या दरानं पडून असतील तर सरासरी दर तिथल्या तिथे 238.28 होतो. पुढे फौंड्रीचं बिल 500 नगांचं आलं, तर पीओ, जीआरएन आणि बिल एकमेकांशी ताडून सॉफ्टवेअर 20 नगांचा फरक दाखवतं आणि बिल अडवून ठेवतं. एकच गोष्ट तीन माणसं तीन ठिकाणी लिहीत नाहीत, त्यामुळे मेळ बसवायला वेगळं बसावंच लागत नाही.

माझ्या लेखी ईआरपीचा गाभा हा. म्हणून डेमोला बसाल तेव्हा वेंडरला एवढंच सांगा: माझ्यासमोर जीआरएन करा आणि त्याचं जर्नल दाखवा. 'ते रात्री सिंक होतं' असं उत्तर आलं तर तो स्टॉकचा आणि हिशेबाचा असे दोन वेगळे प्रोग्रॅम जोडून विकतोय.

दुसरा महत्त्वाचा भाग एमआरपी, म्हणजे कोणता माल किती आणि कधी लागेल याचं गणित. ही पद्धत ईआरपीपेक्षा जुनी. जोसेफ ऑर्लिकी यांनी ती 1964 मध्ये मांडली आणि ईआरपी हे नाव 1990 मध्ये गार्टनर या संशोधन कंपनीनं दिलं. गणित साधं आहे. कस्टमरचं शेड्यूल 1,200 नगांचं. तयार माल 300, प्लेटिंगहून यायचे 150. म्हणजे अजून 750 चांगले नग हवेत. मशिनिंगमध्ये 4 टक्के रिजेक्शन धरलं तर 782 कास्टिंग लागतील. स्टोअरमध्ये 200 आहेत, जुन्या पीओवर 400 यायचे आहेत, तर नवीन मागणी 182 ची. फौंड्रीला 21 दिवस लागत असतील तर पीओ कधी निघायला हवी ती तारीखही येते. हे एका पार्टचं. शंभर पार्ट, त्यातले काही एकमेकांत बसणारे, आणि दर आठवड्याला बदलणारं शेड्यूल, हे एक्सेलमध्ये कुणाच्यानं होत नाही. पण वरचा एक आकडा जरी खोटा असला, समजा रिजेक्शन 4 ऐवजी खरं 9 टक्के असलं, तर यंत्र तितक्याच आत्मविश्वासानं चुकीची पीओ काढून देतं. म्हणून बीओएम, रूटिंग (ऑपरेशनचा क्रम), आयटम कोड यांवर सॉफ्टवेअरइतकाच खर्च करा, आणि ते काम वेंडरच्या पोराकडे न देता तुमच्या सर्वांत जाणत्या सुपरवायझरकडे द्या. त्याला महिनाभर मशीनवरून मोकळं करावं लागलं तरी करा. एकच बुशिंग तीन कोडनं मास्टरमध्ये गेलं की पुढची कित्येक वर्षं ते निस्तरत बसावं लागतं, हे मी फार जवळून पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ते टाळता येण्यासारखं असतं.

आता जॉबवर्क, तुमच्यासाठी सर्वांत नाजूक. प्लेटिंगला गेलेला माल तुमच्या शेडमध्ये नसतो, पण मालकी तुमचीच असते. त्यासाठी प्रत्येक जॉबवर्कर हे एक वेगळं गोदाम म्हणून मांडलेलं हवं. चलन निघालं की माल तिकडे सरकतो, विकला जात नाही. जीएसटीच्या कलम 143 नुसार तो एका वर्षात परत यायला हवा, नाहीतर पाठवल्या दिवशी विक्री झाली असं धरलं जातं. तेव्हा चलननिहाय वय दाखवणारा रिपोर्ट हवाच, आयटीसी-04 (जॉबवर्कच्या मालाचं जीएसटी विवरण) सुद्धा त्यातूनच निघेल. याच्या उलट, कस्टमरनं पाठवलेली कास्टिंग तुमच्या शेडमध्ये असतात पण तुमची नसतात: नग मोजायचे, रुपये शून्य. ही दोन प्रकारची कास्टिंग एकाच आयटम कोडवर आली तर ताळेबंदातला स्टॉक फुगतो. डेमोत हा प्रसंग मुद्दाम करून दाखवायला सांगा. बऱ्याच वेंडरांची गाडी इथेच अडते.

एचआर, सीआरएम, प्रोजेक्ट वगैरे आत्ता सोडा.

पायथन_पुणे

ताईंनी गाभा सांगितलाच आहे, मी त्याखालचं तंत्र सांगतो.

तीन थर असतात: समोरचा स्क्रीन, मधला नियम चालवणारा ॲप्लिकेशन सर्व्हर, आणि खाली डेटाबेस. सॅप या ईआरपी कंपनीनं 1992 मध्ये आर/3 हे सॉफ्टवेअर आणलं तेव्हापासून मोठ्या ईआरपीत ही रचना रूढ झाली. जीआरएन सेव्ह होताना स्टॉकची नोंद आणि जर्नल हे दोन्ही डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जातात. मधेच वीज गेली तर दोन्ही मागे फिरतात; अर्धं काम शिल्लक राहत नाही. ही हमी डेटाबेस देतो, म्हणून खाली कोणता डेटाबेस आहे हे विचारा. ओडू हे ईआरपी पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर चालतं. मुंबईत घडलेलं ईआरपीनेक्स्ट पायथनमध्ये लिहिलेलं आहे, साधारणपणे मारियाडीबी या डेटाबेसवर चालतं आणि त्याचा सोर्स खुला आहे. सॅपचं एस/4हाना 2015 पासून आहे. ते सगळा डेटा मेमरीत ठेवून बेरजा लागतील तेव्हा करतं, पण तुमच्या आकाराला त्याची गरज नाही.

दोन कायदेशीर गोष्टी. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणं बंधनकारक आहे, आणि तो बंद करता येता कामा नये. उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर बी-टू-बी बिलाला ई-इन्व्हॉइस लागतं: बिलाची जेसन फाइल पोर्टलवर जाते, तिथून 64 अक्षरी आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि सही केलेला क्यूआर परत येतो. हे एपीआयनं (दोन सॉफ्टवेअरमधल्या थेट दुव्यानं) आपोआप व्हायला हवं. रोज फाइल अपलोड करत बसायची वेळ येऊ नये.

सर्व्हर की क्लाउड? सांभाळणारा माणूस पगारावर नसेल तर क्लाउड. कुठेही ठेवलं तरी बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून चालू करून दाखवा, असं करारात लिहून घ्या. आणि करार संपला तर पूर्ण डेटाबेसची प्रत मिळेल हेही.

शिरोलीकर

ताई, दादा, मनापासून आभार. आज पहिल्यांदा कोटेशन वाचता आलं. एक राहिलं: हीट नंबरसाठी प्रत्येक नगाला सिरियल द्यावा लागेल का? आमच्याकडे एका ट्रॉलीत दोन हीटचे नग येतात.

स्टोअरवाली_सांगली

कस्टमरनं नगनिहाय मागितलं नसेल तर सिरियल नको, बॅच पुरते. जीआरएन करतानाच प्रत्येक हीटची वेगळी बॅच करा, कस्टमरच्या कास्टिंगचीसुद्धा. गाडीत दोन हीट आल्या तर जीआरएनवर दोन ओळी. त्यानंतर ट्रॉलीत एकच हीट. हा नियम सॉफ्टवेअर पाळून देणार नाही, स्टोअरनं पाळायचा. ट्रॉलीबरोबर बारकोड छापलेलं रूट कार्ड (कामाच्या टप्प्यांचं कार्ड) फिरू दे, आणि ऑपरेटरनं प्रत्येक ऑपरेशन संपल्यावर ते स्कॅन करून चांगले आणि रिजेक्ट नग तिथेच टाकू देत, शिफ्ट संपल्यावर आठवून नाही.

जॉबवर्कच्या चलनावर बॅचचा रकाना सक्तीचा करा. हीट ट्रीटमेंटवाला त्याच्या भट्टीचा चार्ज नंबर (एका वेळी भट्टीत घातलेल्या मालाचा क्रमांक) देतो, तोही माल परत घेताना बॅचवर नोंदवून ठेवा. तक्रार आली की कस्टमर पहिल्यांदा हीट नंबर विचारतो आणि दुसऱ्यांदा चार्ज नंबर.