प्रतिसाद: दोष फक्त आरपीएमचा नाही

वर बऱ्याच जणांनी बाइकचं इंजिन लवकर झिजण्याचा सगळा दोष जास्त आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना दिलाय. मला ते पटत नाही. बीएमडब्ल्यू एस १००० आरआर या स्पोर्ट्स बाइकचा स्ट्रोक (पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली सरकतो ते अंतर) ४९.७ मिमी आहे, म्हणजे १३,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साधारण २१.५ मीटर. इंजिन त्यासाठीच घडवलेलं असतं, पण ऑइल तापलेलं असेल तरच!

खरी झीज होते ती गाडी सुरू केल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत. डिस्प्लेवर बहुतेक वेळा कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान दिसतं, ऑइल त्याच्या मागून तापतं. आकडा चढला की लोक थ्रॉटल पिळतात, तेव्हा ऑइल अजून घट्टच असतं. जागेवर उभी करून तापवण्यातही अर्थ नाही, पहिले काही किलोमीटर शांतपणे चालवा. रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचाच असेल तर आणखी वाईट: न जळलेलं पेट्रोल आणि पाणी ऑइलमध्येच साचतं. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर मोजून नाही, महिने मोजून बदला.

दुसरं कारण धूळ. माझ्या आधीच्या बाइकला मी जास्त हवा खेचणारा फिल्टर लावला होता, तो एअरबॉक्समध्ये (फिल्टरच्या डब्यात) नीट बसलाच नव्हता. बाइक ऑइल पिऊ लागली म्हणून उघडली, तर थ्रॉटल बॉडीत (फिल्टरमधून आलेली हवा इंजिनात जाते त्या भागात) बोटाला माती लागली आणि सिलिंडरवर उभे ओरखडे. अजूनही वाईट वाटतं. फिल्टर बदलताना त्याची कड सगळीकडून बसली आहे का, हे स्वतः बघा.