भर थंडीत, गाडीने, बिऱ्हाड घेऊन : तुमचे अनुभव लिहा

रानजाई
काल बातम्यांत वायोमिंगच्या रस्त्याचा फोटो दिसला. आय-80 महामार्गावर रस्ता बंद करायला आडवं लावलेलं फाटक आणि मागे ट्रकांची रांग. पोटात गोळाच आला. आम्ही असेच जानेवारीत ओहायो सोडून सॉल्ट लेक सिटीला निघालो होतो. नवऱ्याला तिकडे नोकरी, इकडे घराचा करार संपलेला. मागे कारसीटमध्ये लेक, तिच्या दोन्ही बाजूंना कुकर, मिक्सर, देव.

नेब्रास्का सरळसोट गेलं. शायान सोडल्यावर चढ लागला. शर्मन समिटला, म्हणजे 8,640 फुटांवर, गाडी वाऱ्याने हलायला लागली. आय-80 वरची सगळ्यात उंच जागा तीच. आणि वर आभाळ स्वच्छ निळं! बर्फ पडतच नव्हता. आधी पडलेला भुसभुशीत बर्फ वारा जमिनीलगत उडवत होता, इतका की बॉनेटपुढचं दिसेना. ग्राउंड ब्लिझर्ड म्हणतात त्याला. कसेबसे लॅरमीला पोचलो तर पुढे रॉलिन्सपर्यंतचा शंभर मैलांचा पट्टा बंद.

मोटेलच्या काउंटरवर एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, जुना रस्ता उत्तरेकडून मेडिसिन बो गावावरून वळसा घालून जायचा. 1970 साली हा नवा एल्क माउंटनजवळून काढला, तेव्हा इथले जुने लोक सांगत होते की तिथे वारा टिकू देणार नाही. कोणी ऐकलं नाही. आता रस्त्याकडेला मैलोन्मैल जी उंच लाकडी कुंपणं दिसतात ती गुरांसाठी नाहीत, उडता बर्फ अडवायला आहेत.

नवऱ्याला सोमवारी रुजू व्हायचं होतं, तो दर तासाला नकाशा बघे. मी सांगितलं, नोकरी थांबेल. फाटक लागलं की थांबायचं, त्याच्याशी वाद नाही. हे मी आजही सगळ्यांना सांगते.
कोणी कोणी असं घर हलवलंय? लिहा.

चिंचगुळी
लॅरमी!! तिथे हायवेलगत ट्रकस्टॉपवर पंजाबी जेवण मिळतं, खाल्लंस का? रस्ता बंद असताना गरम पराठा म्हणजे सुख.

रानजाई
नाही गं, तेव्हा माहीतच नव्हतं 😭

पावट्या
आम्ही न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलिनाला, जानेवारी 2022. कळलंच असेल, बर्फातली ती मोठी वाहतूक कोंडी. व्हर्जिनियात आय-95, फ्रेडरिक्सबर्गच्या आसपास. आधी पाऊस होता, त्यामुळे रस्त्यावर आधीपासून मीठ टाकून ठेवता आलं नाही, टाकलं असतं तरी वाहून गेलं असतं. मग पावसाचा एकदम बर्फ झाला, ट्रक आडवे झाले आणि सगळं जागच्या जागी थिजलं. सिनेटर टिम केनसुद्धा त्याच कोंडीत 27 तास होते.
आमच्याकडे दशम्या, चिवडा, पाण्याच्या बाटल्या. शेजारच्या गाडीत एक म्हातारं जोडपं, त्यांना दशमी दिली, त्यांनी पोराला केळं दिलं. एका बेकरीच्या ट्रकमधून लोकांना ब्रेड वाटला ती बातमी नंतर वाचली, आमच्यापर्यंत तो आला नव्हता.
एक महत्त्वाचं. इंजिन चालू करायच्या आधी दर वेळी खाली उतरून सायलेन्सरच्या नळीपुढचा बर्फ काढत होतो. नळी बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, वास येत नाही, झोपेतच माणूस जातो. इंजिन थोडा वेळ चालू, मग बंद, एक काच किंचित उघडी. रात्रभर हेच. बायको आणि मी आळीपाळीने जागे.

माईणमुळा
बापरे पावट्या. लहान मूल असताना रात्रभर… वाचूनच हात गार पडले. कुकर लावून आले, पुन्हा वाचते.

काजूबी
मी थोडं वेगळं लिहिते. माझा कढीपत्ता. न्यू जर्सीत बी लावून वाढवलेला, चांगला कमरेएवढा. कॅलिफोर्नियाला जाताना थंडी नको म्हणून आम्ही मुद्दाम दक्षिणेचा आय-40 धरला. पण फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर आहे हे लोक विसरतात! तिथे धो धो बर्फ. रोज संध्याकाळी कुंडी शालीत गुंडाळून मोटेलच्या खोलीत, सकाळी परत गाडीत. एवढं जपून नेला आणि कॅलिफोर्नियाच्या हद्दीत नीडल्सला तपासणी नाक्यावर विचारलं, झाडं आहेत का? मी खरं सांगितलं. ठेवून घेतला. संत्र्या-लिंबांच्या झाडांचा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावर राहते, म्हणून त्यांचे नियम कडक. त्यांचं बरोबरच आहे, फ्लोरिडाच्या बागांची त्या रोगाने काय दशा झाली. पण मी पुढे बार्स्टोपर्यंत रडत होते.

चिंचगुळी
काजूबी, मिठी. माझी तुळस अशीच गेली, डेट्रॉइटच्या थंडीत.

दहिसांडगा
आता कॅलिफोर्नियातच वाढलेलं रोप मिळतं ना? आमच्याकडे एका काकूंकडून घेतलं. पानं मात्र बारीक येतात, काय घालावं?

काजूबी
आंबट ताक पातळ करून. आणि ऊन.

उंबरठा
मी सांगलीत असतो, वय 71. लेक आणि जावई डिसेंबरात मिनियापोलिसहून डेन्व्हरला गाडीने गेले. मी इथे फोनवर त्यांचा निळा ठिपका बघत बसायचो. त्यांची रात्र म्हणजे आमचा दिवस, त्यामुळे झोपेचीही सबब नाही. कोलोराडोत शिरल्यावर स्टर्लिंगच्या अलीकडे ठिपका थांबला. फोन लागेना. हिने देवापुढे दिवा लावला, मी अंगणात फेऱ्या मारत होतो. नंतर कळलं, समोरचं काही दिसेना म्हणून जावयांनी एक्झिट घेऊन एका पेट्रोल पंपावर गाडी लावली आणि दोघं तिथे झोपले. शहाणपणाच केला. तुम्हा मुलांना एकच विनंती. निघण्याआधी रस्ता, मुक्कामाचं गाव आणि मोटेलचा नंबर घरी कळवून ठेवा. आम्हाला तेवढा आधार पुरतो.

रानजाई
काका, नक्की. माझे बाबाही असेच जागे होते हे मला फार नंतर कळलं.

गारवेल
फेब्रुवारी 2021. मिनेसोटाची थंडी नको म्हणून डॅलसला बदली मागून घेतली होती. आय-35 ने सरळ खाली. आम्ही ओक्लाहोमात असतानाच फोर्ट वर्थची बातमी आली, 11 फेब्रुवारीला आय-35 डब्ल्यूवर 133 गाड्या एकमेकींवर आदळल्या, सहा माणसं गेली. उंचावरच्या लेनवर पारदर्शक बर्फाचा थर, डोळ्यांना रस्ता नुसता ओला दिसतो. पुलावर खालूनही वारा लागतो म्हणून पूल आधी गोठतात. तेव्हापासून पूल आला की मी ब्रेकला पाय लावत नाही, आधीच वेग कमी करून घेते.
नव्या घरी पोचलो तर काही दिवसांत वीज गेली. 16 तारखेला डॅलसच्या विमानतळावर उणे 2 फॅरनहाइट, म्हणजे उणे 19 सेल्सिअस. घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, पाइप फुटले. आमच्याकडे मिनेसोटाचे जाड कोट, रजया सगळं गाडीतच होतं, गल्लीत वाटलं. कोणाशी ओळख नव्हती, त्या आठवड्यात सगळ्यांशी झाली. पण एक गोष्ट कळकळीने सांगते. ऊब मिळावी म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका. त्या वादळात टेक्ससमध्ये अशाने माणसं गेली.

शेवगा
गारवेल 🙏
माझी इलेक्ट्रिक गाडी आहे म्हणून लिहितो. कडाक्याच्या थंडीत रेंज बरीच उतरते, हीटर बॅटरी खातो. सीटचा हीटर त्यामानाने कमी खातो. चार्जरला पोचायच्या आधी नेव्हिगेशनमध्ये चार्जर टाकून ठेवा, बॅटरी गरम होऊन तयार राहते, नाहीतर चार्ज व्हायला फार वेळ लागतो.

पावट्या
आणि टायर. तापमान दर 10 फॅरनहाइटने उतरलं की टायरमधला हवेचा दाब साधारण एक पीएसआय (दाब मोजायचं माप) कमी होतो. शिकागोत भरलेली हवा मोंटानात तेवढीच राहत नाही.

नवखा
मी हेच विचारायला आलो होतो. पुढच्या महिन्यात शिकागो ते सिएटल. बायको, मी, सहा महिन्यांची मुलगी. आय-90 की आय-80?

गारवेल
सहा महिन्यांची? गाडी ट्रकने पाठवा आणि तुम्ही विमानाने जा. खर्च होईल, होऊ दे.

शेवगा
गाडीनेच जायचं असेल तर ठरवून टाकू नका. आय-90 ला मोंटानात होमस्टेक, मग लुकआउट, शेवटी स्नोक्वाल्मी, असे घाट आहेत. आय-80 ला रानजाईताईंचा वारा. निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक राज्याचं 511 (रस्त्यांची ताजी स्थिती सांगणारी सेवा) बघा आणि ज्या बाजूला वादळ नाही तिकडून जा. साखळ्या घ्या आणि घरीच एकदा टायरला चढवून बघा. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

रानजाई
आणि दोन-तीन दिवस हाताशी जास्त ठेव रे. रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून मागून घे, बहुतेक ठिकाणी देतात.

नवखा
बायकोला दाखवलं. ती आणि बाळ विमानाने, मी आणि माझा भाऊ गाडीने, असं ठरतंय. बाळाचं दूध, औषधं तिच्याबरोबरच. भाऊ न्यू जर्सीत असतो, बर्फात चालवायची सवय आहे त्याला.

माईणमुळा
छान झालं. आल्यावर इथे लिही. दहिसांडगा, ते कढीपत्त्याचं ताक आठवड्यातून किती वेळा घालायचं?